भीतीची वही

आज आपण भीती मोजायला शिकणार आहोत. जवळ वही-पेन असेल तर घ्या. नसेल तर मूठभर शेंगदाणे घ्या, त्यावरही काम भागतं. कसं ते पुढं सांगते.

ताप आला की आपण थर्मामीटर लावतो. अंगणवाडीत बाळाचं वजन करतात, तक्त्यावर ठिपका मांडतात आणि रेघ वर चालली की खाली, ते बघतात. गटाच्या वहीत कुणी किती भरले, कुणाचा हप्ता राहिला, सगळं लिहिलेलं असतं. भीतीला मात्र आपण दोनच मापं ठेवली आहेत. एक, “मला लई भीती वाटते.” आणि दुसरं, “त्यात काय भ्यायचं!” पहिलं माप जिला भीती वाटते तिचं, दुसरं घरातल्या बाकीच्यांचं. या दोन मापांत भांडण होतं, उपाय होत नाही. भीती किती आहे, वाढतेय की कमी होतेय, तिच्यामुळं आपलं काय बुडतंय, हे कुणालाच कळत नाही. जिला भीती आहे तिलाही नाही.

भीती आणि फोबिया

आधी एक फरक समजून घेऊ. रात्री शेतात पाणी द्यायला जाताना हातात बॅटरी घेणं, पायात बूट घालणं, गवताच्या पेंडीत हात घालण्याआधी काठीनं हलवून बघणं, याला भित्रेपणा म्हणत नाहीत. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे विषारी साप आपल्या भागात आहेत. त्यांना जपून राहणं हे शहाणपणच आहे. अशी भीती आपला जीव वाचवते. ती घालवायची नाही.

पण एखादीला पाल दिसली की ती स्वयंपाकघरातच जात नाही, दुसरं कुणी येऊन पाल हाकलेपर्यंत घर उपाशी राहतं. एखादी गरोदर असून सुईच्या भीतीनं रक्त तपासायला जात नाही. एखादी पाळणा नको म्हणून यात्रेलाच जात नाही. अशा भीतीला डॉक्टर फोबिया म्हणतात. आपण तिला अडवून धरणारी भीती म्हणू. तिच्या खुणा अशा: ठरावीक गोष्ट किंवा ठरावीक जागा समोर आली की बहुतेक वेळा लगेच भीती उसळते. खरा धोका जेवढा असतो त्याच्या कितीतरी पट ती मोठी असते. त्या गोष्टीपासून आपण पळतो, किंवा कसंबसं दात-ओठ आवळून सोसतो. तिच्यामुळं काम, नातं, तब्येत अडते. आणि हे सारं सहा महिने किंवा त्याहून जास्त चाललेलं असतं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत गर्दी नकोशी वाटली, एवढ्यानं फोबिया होत नाही. पण गर्दीच्या भीतीनं एसटीत बसणं, बाजाराला जाणं, लेकीच्या सासरी जाणं बंद झालं, तर ती मोजायला घ्यावी.

हा वेडेपणा नाही, नाटक नाही आणि बाहेरचं काही लागलेलंही नाही. मेंदूचा धोक्याचा भोंगा नको तिथं वाजायला लागला, एवढंच झालेलं असतं. “उगाच भीती वाटते, हे मला कळतं, पण छाती ऐकत नाही,” असं अशा बाया स्वतःच सांगतात.

भीती मोजायचं माप कुठून आलं

दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले जोसेफ वोल्पे नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. ते पुढं अमेरिकेत गेले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लढाईच्या धसक्यानं आजारी पडलेल्या सैनिकांवर उपचार केले होते. भीतीवर पायरीपायरीनं उपचार करण्याची रीत त्यांनी बसवली आणि 1958 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्या कामात त्यांना एक अडचण होती. समोरच्या माणसाला आत किती भीती वाटतेय, ते बाहेरून दिसत नाही. म्हणून 1960 च्या दशकात त्यांनी साधी युक्ती वापरली. माणसालाच विचारायचं: अगदी शांत म्हणजे 0, आणि याहून जास्त असूच शकत नाही अशी भीती म्हणजे 100, तर आत्ता तुमचा आकडा किती? आजही जगभरचे समुपदेशक हे माप वापरतात. सोपं जावं म्हणून बरेच जण 100 ऐवजी 10 पर्यंतच मोजतात. आपणही तेच करू.

पुढं 1979 मध्ये लंडनमधले डॉक्टर आयझॅक मार्क्स आणि अँड्र्यू मॅथ्यूज यांनी भीतीची एक प्रश्नावली तयार केली. तीत त्यांनी वेगळाच प्रश्न घेतला. किती भीती वाटते असं न विचारता, ती गोष्ट तुम्ही किती टाळता, असं विचारलं. अजिबात टाळत नाही तर 0 आणि नेहमीच टाळते तर 8.

हा दुसरा प्रश्न नीट लक्षात ठेवा. आजचं सगळं बोलणं त्याच्याभोवती आहे. कारण नुसता भीतीचा आकडा फसवतो. ज्या बाईनं आठवडाभर घराबाहेर पाऊल टाकलं नाही, तिला विचारा, “या आठवड्यात कुत्र्याची भीती किती वाटली?” ती म्हणेल, “काहीच नाही.” कुत्रं दिसलंच नाही तर भीती वाटणार कुठून? आकडा 0, आणि बाई घरात कोंडलेली. म्हणून भीतीच्या आकड्याशेजारी टाळण्याचा आकडा लिहायचाच.

टाळणं म्हणजे सावकाराचं कर्ज

टाळल्यावर भीती का वाढते, तेही बघू. टाळलं की त्याच क्षणी हायसं वाटतं. छातीची धडधड थांबते. मग मन शिकतं: टाळलं म्हणून वाचले. पुढच्या वेळी ते आणखी लवकर टाळतं. हे सावकाराच्या कर्जासारखं आहे. पैसा लगेच हातात येतो, म्हणून बरं वाटतं. व्याज मागाहून चढत जातं. आधी एक गल्ली टाळली, मग दोन, मग संध्याकाळचं बाहेर पडणंच बंद. आणि ती गोष्ट खरंच तेवढी धोक्याची आहे का, हे तपासायची संधी कधीच मिळत नाही.

काही टाळणं लपलेलं असतं. नातवाला सोबत घेतल्याशिवाय न जाणं, पूर्ण वेळ डोळे मिटून घेणं, आधी चार दिवस चौकशा करत बसणं, जायचं ठरवून ऐनवेळी डोकं दुखतंय म्हणणं. ही सारी त्याच कर्जाची छोटी खाती. देवाचं नाव घ्यायला कुणाची ना नाही. पण नाव घेत पुढं जाणं वेगळं, आणि “आज दिवस बरा नाही” म्हणून मागं फिरणं वेगळं. दुसरं असेल तर ते टाळण्याच्या खात्यात लिहा.

पहिलं काम: दहा प्रश्न

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं अडवून धरणाऱ्या भीतीची तीव्रता मोजायला दहा प्रश्नांचा एक कागद तयार केला आहे. त्याचा आशय मी आपल्या भाषेत सांगते. आधी आपली एकच भीती ठरवा. पाल, सुई, कुत्रं, उंची, लिफ्ट, काय असेल ते. मग गेल्या सात दिवसांचा विचार करून प्रत्येक प्रश्नाला गुण द्या. कधीच नाही, 0. क्वचित, 1. निम्म्या वेळा, 2. बहुतेक वेळा, 3. सतत, 4.

1. त्या गोष्टीमुळं अचानक घाबरगुंडी उडाली का?
2. तिच्या विचारानं काळजी, बेचैनी वाटली का?
3. आपल्याला इजा होईल, आपण भीतीनं कोलमडू, काहीतरी वाईट घडेल, असे विचार आले का?
4. छातीत धडधड, घाम, धाप, चक्कर किंवा थरथर झाली का?
5. अंग आखडलं का, झोप किंवा चैन गेली का?
6. ती गोष्ट किंवा जागा टाळली का?
7. तिथं गेलात, पण मध्येच निघून आलात का?
8. तिच्या तयारीत फार वेळ घालवला का, किंवा काम पुढं ढकलत राहिलात का?
9. तिचा विचार येऊ नये म्हणून मन मुद्दाम दुसरीकडं गुंतवलं का?
10. ती सोसायला कुणाचा किंवा कशाचा आधार लागला का? सोबतीला माणूस, दारू, गोळी, ताईत, काहीही.

सगळ्या गुणांची बेरीज करा. जास्तीत जास्त 40 होते. तिला 10 नं भागा. उत्तर 1 च्या आसपास आलं तर भीती सौम्य, 2 च्या आसपास मध्यम, 3 च्या आसपास तीव्र आणि 4 कडं गेली तर अति तीव्र. समजा बेरीज 22 आली. भागून 2.2 येतात, म्हणजे मध्यम.

ही फूटपट्टी आहे, निदान नाही. निदान डॉक्टर करतात. पण हा कागद महिन्यातून एकदा भरून तारीख घालून ठेवला, तर मागच्या महिन्यापेक्षा आपण कुठं आहोत ते कळतं.

दुसरं काम: आठवड्याची वही

दहा प्रश्न महिन्याला. दर आठवड्याला मात्र तीनच रकाने भरायचे.

पहिला रकाना भीतीचा, 0 ते 10. त्याआधी एक गोष्ट करा: आपल्या मापाच्या खुणा आपणच पक्क्या करून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. 0 म्हणजे दुपारी जेवण उरकून ओसरीवर टेकल्यासारखं. 3 म्हणजे मुलाचा निकाल लागायचा आहे तेव्हाची हुरहुर. 5 म्हणजे छाती धडधडते, पण काम करता येतं. 8 म्हणजे पाय लटपटतात, दुसरं काही सुचत नाही. 10 म्हणजे आयुष्यात सगळ्यात जास्त घाबरलात तो प्रसंग. खुणा पक्क्या नसतील तर एका आठवड्याचा 6 आणि पुढच्या आठवड्याचा 6 सारखा राहत नाही. बाजारात प्रत्येक दुकानदाराचं वजन वेगळं असावं, तसं होतं.

या रकान्यात तीन आकडे लिहिता आले तर फार उत्तम: जाण्याआधी किती वाटेल असं वाटलं, प्रत्यक्षात जास्तीत जास्त किती वाटलं, आणि शेवटी किती उरलं. बऱ्याच वेळा अंदाज मोठा निघतो आणि प्रत्यक्षातली भीती त्याहून लहान. हा फरक स्वतःच्या अक्षरात दिसला की जो धीर येतो, तो दुसऱ्यानं समजावून येत नाही.

दुसरा रकाना टाळण्याचा. आठवड्यात किती वेळा ती गोष्ट समोर आली आणि त्यातल्या किती वेळा टाळली. इथं अंदाज नको, मोजून लिहा.

तिसरा रकाना “काय बुडालं” याचा. रोजगार, ऑर्डर, बैठक, तपासणी, लग्नकार्य, जे बुडालं ते एका ओळीत.

लिहिता येत नसेल तरी अडत नाही. दोन डबे घ्या. भीती वाटली तेव्हा जेवढा आकडा तेवढे शेंगदाणे एका डब्यात टाका. टाळलं की दुसऱ्या डब्यात एक ज्वारीचा दाणा टाका. आठवड्याच्या शेवटी मुलीकडून किंवा विश्वासाच्या मैत्रिणीकडून मोजून लिहून घ्या.

एक वही उघडून बघू

समजायला सोपं जावं म्हणून आपण एक ताई डोळ्यांपुढं आणू. ती खरी कुणी नाही, उदाहरणासाठी उभी केली आहे. मंद्रूपच्या बाजूची, विजापूर रोडनं सोलापूरला ये-जा करणारी. तिचा गट कडक भाकरी आणि शेंगा चटणी करतो आणि जुळे सोलापूरच्या इमारतींत घरपोच देतो. या भागात आता चार-पाच मजली इमारती झाल्या आहेत. ताईला लिफ्टची भीती. मागं कधीतरी लिफ्टमध्ये असताना वीज गेली, तेव्हापासून ती जिना चढते. गुडघे दुखतात, म्हणून वरच्या मजल्याच्या ऑर्डरी ती दुसरीला देऊन टाकते. पैसेही दुसरीलाच जातात.

तिनं सरावाच्या पायऱ्या ठरवल्या, सोप्याकडून अवघडाकडं. पहिली, लिफ्टसमोर उभं राहून दार उघडताना-मिटताना बघणं. दुसरी, दार उघडं असताना आत पाय ठेवून बाहेर येणं. तिसरी, मुलीसोबत एक मजला. चौथी, मुलगी वर थांबलेली आणि आपण एकटीनं एक मजला. पाचवी, एकटीनं दोन मजले. सहावी, एकटीनं पाचवा मजला, हातात भाकरीची पिशवी. सुरुवातीलाच तिनं इमारतीच्या वॉचमनला विचारून घेतलं: घंटीचं बटण कुठलं, वीज गेली तर काय होतं, लिफ्ट अडकली तर कुणाला फोन करायचा. बऱ्याच नव्या लिफ्ट वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडतात. लिफ्टमध्ये हवा यायला जागाही असते. अडकलो तर दार ओढायचं नाही, घंटी वाजवून थांबायचं. एवढी माहिती शहाणपणाची. तीच चौकशी रोज नव्यानं करत बसलं, तर ते पुन्हा टाळणं.

आता वही वाचू.

पहिला आठवडा: भीती 0. लिफ्टची वेळ दहा वेळा आली, दहाही वेळा टाळली. चार ऑर्डरी बुडाल्या.
दुसरा: भीती 6. लिफ्टसमोर उभी राहिली, आत पाय ठेवला. टाळलं दहापैकी दहा. चार ऑर्डरी बुडाल्या.
तिसरा: अंदाज 10, प्रत्यक्षात 9. मुलीसोबत एक मजला, लागोपाठ चार वेळा. चौथ्या वेळी 6. टाळलं दहापैकी आठ. तीन ऑर्डरी बुडाल्या.
चौथा: घरात पाहुणे, सराव नाही. भीती 2. टाळलं दहापैकी नऊ. चार बुडाल्या.
पाचवा: मुलगी वर थांबली, एकटीनं एक मजला. 8, शेवटी 5. टाळलं दहापैकी सहा. दोन बुडाल्या.
सहावा: एकटीनं दोन मजले. 7, शेवटी 4. टाळलं दहापैकी चार. दोन बुडाल्या.
सातवा: आत असताना दिवा क्षणभर विझला. भीती 9. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, 6. टाळलं दहापैकी चार. एक बुडाली.
आठवा: एकटीनं पाचवा मजला. अंदाज 8, प्रत्यक्षात 5, शेवटी 3. टाळलं दहापैकी दोन. काही बुडालं नाही.

आता नुसता भीतीचा रकाना बघा: 0, 6, 9, 2, 8, 7, 9, 5. हा बघून कुणीही म्हणेल, बाईची तब्येत बिघडली. घरातले म्हणतील, “आधीच बरी होतीस, कशाला नसतं डोक्यात घेतलंस?” आता टाळण्याचा रकाना बघा: 10, 10, 8, 9, 6, 4, 4, 2. सुधारणा इथं दिसते. तिसऱ्या आठवड्यातला 9 हा हार नाही, कारण ती पहिल्यांदा सामोरी गेली. आणि चौथ्या आठवड्यातला 2 हा विजय नाही, कारण त्या आठवड्यात ती लांब राहिली. सातव्या आठवड्यात तर सगळ्यात मोलाची गोष्ट घडली. दिवा विझला, भीती 9 वर गेली, आणि तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चढली. टाळण्याचा आकडा वाढला नाही.

तुमची वही अशी सरळ उतरेलच असं नाही. कुणाला आठ आठवडे लागतील, कुणाला जास्त. नियम इतकेच: पायरी लहान घ्या, पुन्हा पुन्हा करा, आणि भीती अगदी टोकाला असताना पळू नका. ती थोडी उतरेपर्यंत थांबा. तेवढंही जमलं नाही तर पायरी मोठी झाली असं समजून मधली एक पायरी घाला. आणि खऱ्या धोक्याचा सराव कधीच करायचा नाही. सापाच्या भीतीसाठी साप पकडायला जायचं नाही. कुत्र्याच्या भीतीसाठी गल्लीतल्या अनोळखी कुत्र्याला हात लावायचा नाही. आधी चित्र, मग लांबून बघणं, मग ओळखीच्या घरातलं लस टोचलेलं, बांधलेलं शांत कुत्रं.

सुई आणि रक्ताची भीती वेगळी

एका भीतीसाठी रीत थोडी बदलावी लागते. बाकीच्या भीतीत रक्तदाब वाढतो. रक्त, जखम, सुई यांच्या भीतीत मात्र बऱ्याच जणींचा रक्तदाब आधी वाढून मग एकदम उतरतो. म्हणून भोवळ येते. इथं “अंग सैल सोड” हा सल्ला उलटा पडू शकतो. लार्स-योरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी अशांसाठी अंग ताणण्याची रीत विकसित केली. हात, पाय आणि पोटाचे स्नायू 10 ते 15 सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत. मग 20 ते 30 सेकंद नेहमीसारखं बसायचं, अगदी गळून जायचं नाही. असं पाच वेळा. सुई टोचायची तो दंड मात्र सैल ठेवायचा. गरोदर असाल, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर हे करण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि नर्सताईंना आधीच सांगा, “मला सुईनं भोवळ येते, झोपवून टोचा.” यात लाजण्यासारखं काही नाही.

या भीतीच्या वहीत तिसरा रकाना फार जपून भरा. गरोदरपणातली रक्ततपासणी चुकली, तर अंगात रक्त कमी आहे हे वेळेवर कळत नाही. कुत्रं चावल्यावर इंजेक्शन टाळलं, तर रेबीज होऊ शकतो, आणि त्याची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. चावल्यावर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. साप चावल्यावर तर वही बाजूला ठेवायची, सरावाचा विचारही करायचा नाही, थेट दवाखान्यात जायचं. हा हिशेब पैशांचा नसून जिवाचा आहे.

वही घेऊन डॉक्टरकडं कधी जायचं

दहा प्रश्नांचं उत्तर 3 च्या आसपास किंवा वर असेल, तर एकटीनं झुंजत बसू नका. घराबाहेर पडणं बंद झालं असेल, भीती दाबायला मिश्री, दारू किंवा दुकानातून आणलेल्या गोळ्या सुरू झाल्या असतील, मारहाण किंवा अत्याचारानंतर भीती बसली असेल, चार-सहा आठवडे सराव करूनही टाळण्याचा आकडा हलत नसेल, तरीही जा. छातीत दुखणं, धडधड, धाप हे पहिल्यांदाच होत असेल, तर आधी शरीराची तपासणी करून घ्या. अंगात रक्त कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी धडधडतं. आणि जगणं नकोसं वाटत असेल तर आजच कुणाला तरी सांगा.

सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, मानसोपचार विभाग आहे. तिथवर जाणं आज शक्य नसेल तर 14416 हा नंबर लिहून घ्या. पुन्हा सांगते, एक-चार-चार-एक-सहा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे. 10 ऑक्टोबर 2022 ला ती सुरू झाली. फोन फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीतून बोलता येतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा आपला हक्क ठरवला आहे. आपण कुणाकडं उपकार मागायला जात नाही.

जाताना वही घेऊन जा. दवाखान्यात गर्दी असते, बोलायला वेळ कमी मिळतो, घाबरून अर्धं सांगायचं राहून जातं. आठ आठवड्यांच्या आठ ओळी डॉक्टरांना पुढं केल्या, की ते एका नजरेत ओळखतात. अशा भीतीवर चांगले उपचार आहेत, आणि बहुतेकांचा पाया असा पायरीपायरीचा सरावच असतो.

गटानं काय करायचं

शेवटी गटातल्या बाकीच्या मैत्रिणींसाठी चार गोष्टी. एक, ही वही गटाच्या हिशेबाच्या वहीसारखी सगळ्यांपुढं वाचायची नाही. जिची तिची. तिनं दाखवली तरच बघायची. दोन, आकड्यांची तुलना नको. “माझी 4, तुझी 8, तूच भित्री” असं म्हणायचं नाही, कारण प्रत्येकीच्या मापाच्या खुणा वेगळ्या. आपली तुलना आपल्याच मागच्या महिन्याशी. तीन, थट्टा करायची नाही. भीती मोडावी म्हणून अंगावर पाल टाकणं, पाठीमागून ढकलणं, फसवून लिफ्टमध्ये नेणं, यानं भीती वाढते आणि विश्वास जातो. पुढची पायरी कधी घ्यायची, ते तीच ठरवेल. चार, तिच्या वतीनं कायमचं टाळू नका. “तू राहू दे गं, मी जाते” हे प्रेमानं म्हटलं तरी कर्जाचं व्याज आपणच चढवत असतो. त्यापेक्षा म्हणा, “मी खाली थांबते, तू एक मजला जाऊन ये.”

या आठवड्याचं काम सांगते. एक भीती निवडा. पहिल्या पानावर 0, 3, 5, 8 आणि 10 च्या तुमच्या खुणा लिहा. दहा प्रश्न भरा, तारीख घाला. मग सात दिवस काहीही बदलू नका, नुसतं मोजा: किती वाटली, किती वेळा टाळली, काय बुडालं. सराव त्यानंतरच्या आठवड्यापासून. पहिला आठवडा फक्त खातं उघडण्याचा.